रणधुमाळीतील बालपण

पुण्याहून साताऱ्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर, भोर तालुक्यात, कापूरहोळ नावाचे एक गाव आहे. येथूनच एक रस्ता भोरकडे फुटतो. गावाच्या पूर्वेस पुरंदरचा उंच किल्ला आहे. पश्चिमेस, वेल्ह्याच्या डोंगरांत, राजगड उभा आहे. आणि दक्षिणेस, भोरच्या पलीकडे, रोहिडा आहे. हा सारा मुलूख पूर्वी मावळ म्हणून ओळखला जाई. भोरकडचे ते हिरडस मावळ आणि रोहिडखोरे. वेल्ह्याकडचे ते गुंजण मावळ. सतराव्या शतकात या दऱ्याखोऱ्यांनी पुष्कळ लढाया पाहिल्या. त्या लढायांच्या गोष्टी आपण आवडीने वाचतो. लढणाऱ्या वीरांची नावे आपणांस पाठ असतात. परंतु लढाई चालू असता त्या मुलखातील मुलांचे काय होत असे, याचा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. ही कथा अशाच एका मुलाची आहे. तो राजाचा पुत्र होता. तरीही वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच युद्धापायी त्याने जे सोसले, ते एखाद्या प्रौढ माणसासही जड जावे.

त्या मुलाचे नाव संभाजी. शिवाजीमहाराज आणि सईबाई यांचे हे पुत्र. त्यांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर झाला. सईबाई या फलटणच्या नाईक-निंबाळकरांच्या कन्या. पुत्रजन्माचा आनंद गडावर साजरा झाला; पण तो फार दिवस टिकला नाही. बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृती ढासळली. बाळास अंगावर पाजणेही त्यांस जमेना. तेव्हा जवळपासच्या गावांतून दूधआईचा शोध झाला आणि कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊ नावाची बाई पुढे आली. ती स्वतः लेकुरवाळी होती. आपल्या लेकरांच्या वाट्याच्या मायेतून तिने या बाळास वाटा दिला. मावळातील एका गावकरी बाईचे दूध पिऊन स्वराज्याचा हा युवराज वाढला. कापूरहोळ गावात आजही धाराऊचे नाव आदराने घेतले जाते.

सईबाईंचे दुखणे मात्र हटले नाही. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर त्यांचे निधन झाले. गडाच्या पद्मावती माचीवर एक समाधी आहे. ती सईबाईंची आहे, असे लोक मानतात. त्या वेळी संभाजीराजे अवघे सव्वादोन वर्षांचे होते. आई गेली म्हणजे काय झाले, हे कळण्याचे ते वय नव्हते. वडिलांनी त्यांस जवळ घेऊन बसावे, तर तेवढीही सवड महाराजांना नव्हती. कारण विजापूरचा सरदार अफजलखान मोठी फौज घेऊन स्वराज्यावर चालून आला होता. पत्नीच्या मृत्यूनंतर दोनच महिन्यांनी महाराज प्रतापगडाखाली खानाच्या भेटीस गेले. आईवेगळे लेकरू आजीच्या, म्हणजे जिजाबाईंच्या पदराखाली राहिले. धाराऊने दूध दिले होते. आता आजीने आईपण दिले.

महाराजांनी अफजलखानावर विजय मिळवला, तरी मावळास शांतता लाभली नाही. पुढच्याच वर्षी, १६६० मध्ये, औरंगजेब बादशहाचा मामा शाइस्तेखान अफाट सैन्य घेऊन पुण्यास येऊन बसला. तो तेथे तीन वर्षे होता. त्याची पथके आसपासच्या मुलखात शिरत, उभी पिके तुडवीत, गुरे हाकून नेत आणि माणसांना बंदी करीत. शत्रूच्या हाती सापडलेल्या माणसांत बायका असत, तशी मुलेही असत. एकदा बंदी झालेले मूल पुन्हा आपल्या आईवडिलांना दिसेल, याचा काहीच भरवसा नसे.

या काळातील शिवाजीमहाराजांचे एक पत्र आज उपलब्ध आहे. ऑक्टोबर १६६२ मध्ये त्यांनी ते रोहिडखोऱ्याच्या सर्जेराव जेधे यांस लिहिले. मोगलांची फौज तुमच्या भागावर येणार अशी खबर आहे, तरी सर्व रयतेस लेकराबाळांसह घाटाखाली अवघड आणि सुरक्षित जागी पाठवावे, अशी आज्ञा त्यात आहे. गावोगाव फिरून, रात्रीचा दिवस करून हे काम करावे, त्यात क्षणाचाही उशीर लावू नये, असे महाराज बजावतात. शेतीभाती राखण्यासाठी जे मागे राहतील त्यांनीही डोंगरावर आश्रय धरावा आणि शत्रू दुरून दिसताच त्याची वाट चुकवून निघून जावे, असेही ते सांगतात. हयगय झाली आणि माणसे शत्रूच्या हाती सापडली, तर ते पाप तुमच्या माथी बसेल, असा कडक इशाराही त्यांनी दिला आहे.

मुलांनो, हे पत्र वाचताना एक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ऑक्टोबरचा महिना म्हणजे मावळात भात पिकण्याचे दिवस. हातातोंडाशी आलेला घास शेतात सोडून, डोक्यावर गाठोडे आणि कडेवर मूल घेऊन, कुटुंबेच्या कुटुंबे घाटवाटा उतरत असतील. त्यांच्यामागे अनवाणी चालणाऱ्या मुलांपैकी कित्येक संभाजीराजांच्याच वयाची असतील. राजे तेव्हा पाच वर्षांचे होते. राजपुत्र गडाच्या तटाआड होता आणि शेतकऱ्याचे पोर रानात होते. पण आपले घर उद्या जागेवर असेल की नाही, हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

शाइस्तेखानास महाराजांनी एप्रिल १६६३ मध्ये पुण्यातून पळवून लावले. त्यानंतर दोन वर्षांनी, १६६५ च्या मार्च महिन्यात, त्याहून मोठे संकट आले. बादशहाने मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान या मातब्बर सरदारांना दक्षिणेत पाठवले. दिलेरखानाने पुरंदरास वेढा घातला. हाच तो गड, जेथे संभाजीराजांचा जन्म झाला होता. गडाचे किल्लेदार मुरारबाजी देशपांडे लढता लढता पडले. तिकडे मिर्झाराजांनी दुसरा डाव मांडला. किल्ले हाती येईपर्यंत थांबण्यापेक्षा किल्ल्यांना धान्य पुरवणारी गावेच उजाड करावी, असे त्यांनी ठरवले आणि दाऊदखान कुरेशी या सरदारास हजारो स्वार देऊन मावळात पाठवले. एप्रिलच्या अखेरीस हे सैन्य रोहिड्याच्या परिसरात पोहोचले. तेथील सुमारे पन्नास गावे त्याने जाळून उद्ध्वस्त केली. माणसे आणि गुरे पकडून नेली. नंतर ते सैन्य राजगडाच्या पायथ्याकडे वळले आणि तेथील गावांचीही तीच गत झाली.

आठवे वर्ष पूर्ण होण्यास तेव्हा संभाजीराजांना दोनच आठवडे उरले होते. गुंजवणीच्या खोऱ्यातून उठणारे धुराचे लोट राजगडाच्या तटावरून स्पष्ट दिसले असतील. गावाचे नाव केवळ वहीत लिहिलेले असते, तेव्हा ते गेल्याचे दुःख थोडे असते. परंतु गडावर पहारा करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, भाकरी भाजणाऱ्या माणसांची घरे त्याच गावांत होती.

रयतेचे हे हाल थांबावेत आणि स्वराज्य समूळ बुडू नये, म्हणून महाराजांनी तह करण्याचे ठरवले. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. राजगडासह बारा किल्ले महाराजांकडे राहिले. तहात आणखी एक अट होती. महाराजांनी स्वतः बादशहाची चाकरी करण्याचे टाळले. त्याऐवजी संभाजीराजांना बादशाही मनसबदार करावे, असे ठरले. मनसब म्हणजे बादशाही सरदारकीचा दर्जा. पाच हजारांची ती मनसब कागदावर मोठी दिसत होती. पण तिचा खरा अर्थ निराळा होता. तहाच्या अटी पुऱ्या होईपर्यंत मुलगा मोगलांच्या छावणीत राहणार होता. बापाने शब्द पाळावा, यासाठी मुलगा ओलीस!

त्याच जून महिन्यात आठ वर्षांचे संभाजीराजे राजगड उतरून मिर्झाराजांच्या छावणीत दाखल झाले. आजीचा पदर सुटला. ज्या सैन्याने मावळातील गावे जाळली, त्याच सैन्याच्या तंबूंत त्यांस राहावे लागले. मिर्झाराजांनी त्यांस मानाने वागवले. पण मानाने ठेवलेला ओलीसही ओलीसच असतो. शत्रूच्या माणसांत कसे बसावे, काय बोलावे आणि काय बोलू नये, याचे शिक्षण या मुलास त्या वयात मिळाले.

पुढच्या वर्षी महाराजांना बादशहाच्या भेटीसाठी आग्र्यास जावे लागले. संभाजीराजांनाही बरोबर न्यावयाचे होते. राज्याचा कारभार जिजाबाईंच्या हाती सोपवून ५ मार्च १६६६ रोजी पितापुत्र राजगडावरून निघाले. दोन महिन्यांहून अधिक काळ प्रवास करून ते आग्र्यास पोहोचले. १२ मे रोजी बादशहाच्या वाढदिवसाचा दरबार भरला होता. तेथे महाराजांना त्यांच्या योग्यतेप्रमाणे मान मिळाला नाही. ते संतापले आणि दरबारातून निघून गेले. हा अपमान घडला तेव्हा संभाजीराजे तेथेच होते. त्यानंतर दोनच दिवसांनी त्यांस नऊ वर्षे पूर्ण झाली.

लवकरच महाराजांच्या मुक्कामाभोवती चौक्या बसल्या. आता हा पाहुणचार उरला नव्हता. ही कैद होती. महाराजांनी दरबारात पुन्हा पाऊल टाकले नाही. संभाजीराजे मात्र मिर्झाराजांचे पुत्र रामसिंग यांच्याबरोबर दरबारात जात. आपल्या वडिलांना ज्याने कोंडून ठेवले आहे, त्याच्याच पुढे नऊ वर्षांच्या मुलाने अदबीने उभे राहावे, हे सोपे नव्हते. मनातील राग आणि भय चेहऱ्यावर दिसू न देता ते वागले.

महाराजांनी सुटकेची योजना अत्यंत गुप्तपणे आखली. आपण आजारी आहोत असे त्यांनी भासवले आणि साधू, फकीर व ब्राह्मण यांना मिठाईचे पेटारे पाठवण्यास आरंभ केला. पहिल्याने पहारेकरी प्रत्येक पेटारा उघडून पाहत. पुढे त्यांस त्याचा कंटाळा आला. १७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज आणि संभाजीराजे निसटले. दोघे पेटाऱ्यांत बसून बाहेर पडले, असे परंपरा सांगते. महाराजांच्या जागी हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन पडून राहिले. पहारेकऱ्यांना दुसऱ्या दिवशी सारा प्रकार उमगेपर्यंत पितापुत्र दूर गेले होते.

मथुरा हे आग्र्यापासून जवळचे तीर्थक्षेत्र. महाराज तेथे आले, तेव्हा त्यांच्यापुढे एक कठीण प्रश्न उभा राहिला. बादशहाची माणसे चहूकडे सुटणार होती. ती कोणास शोधणार? नऊ वर्षांच्या मुलासह निघालेल्या पुरुषास. शिवाय आडवाटेने, रात्री-अपरात्री, नद्यांचे पूर ओलांडून जावयाचे होते. ऐन पावसाळ्यातील ती दौड मुलास झेपली नसती. दोघे एकत्र राहिले असते, तर दोघेही पकडले गेले असते. वेगळे झाले, तर दोघांच्या जगण्याची थोडीतरी आशा होती. महाराजांनी मन घट्ट केले आणि मुलास मथुरेतच ठेवण्याचे ठरवले.

मोरोपंत पिंगळे हे महाराजांचे विश्वासू प्रधान. त्यांचे नातलग कृष्णाजी, काशीराव आणि विसाजी हे तिघे बंधू मथुरेत राहत होते. संभाजीराजांना त्यांच्या हवाली करण्यात आले. हे बंधू सैनिक नव्हते. त्यांच्या घरास तटबंदी नव्हती, दारात तोफा नव्हत्या. बादशहाची राजधानी हाकेच्या अंतरावर होती. मुलगा सापडला असता, तर त्याच्याबरोबर त्या साऱ्या घराचा नाश झाला असता. ही भीती खोटी नव्हती. महाराजांचे सेवक रघुनाथपंत कोरडे आणि त्र्यंबकपंत डबीर हे आग्र्यात पकडले गेले आणि त्यांचे अतोनात हाल करण्यात आले. पुढे कित्येक महिन्यांनी त्यांची सुटका झाली. असा काळ असूनही मथुरेच्या त्या कुटुंबाने दार लावून घेतले नाही.

संभाजीराजांचे ते दिवस कसे गेले असतील? अंगावर राजपुत्राचा पोशाख नव्हता; ब्राह्मण मुलाचा वेष होता. घरात मराठी बोलली जाई, पण दाराबाहेर व्रजभाषा कानी पडे. आपले खरे नाव कोणास सांगावयाचे नाही, वडिलांविषयी विचारावयाचे नाही, राजगडाची आठवण काढून रडावयाचेही नाही. एखादा शब्द चुकून तोंडातून निघाला, तर आश्रय देणाऱ्यांचे प्राण जातील, हे ओझे त्या मुलाच्या मनावर अहोरात्र असले पाहिजे. लढाईत तलवार गाजवणे हे शौर्य खरेच. पण मुकाट्याने दिवस काढणे हेही शौर्यच आहे, आणि ते या मुलाने दाखवले.

इकडे महाराज गुप्त वेषाने, शत्रूस हुलकावण्या देत राजगडास येऊन पोहोचले. जिजाबाईंना पुत्र भेटला. पण नातू दिसेना. मुलाचा शोध थांबावा म्हणून महाराजांनी एक विलक्षण युक्ती केली, असे सांगतात. संभाजी वाटेत मरण पावला, अशी वार्ता त्यांनी पसरवली. ज्या मुलाची वाट पाहत रात्र रात्र डोळ्यास डोळा लागत नसेल, त्याच्या मरणाची बातमी बापाने स्वतःच्या तोंडाने सांगावयाची! पण त्यामुळे वाटेवरील चौक्यांचे लक्ष ढिले पडले आणि मथुरेच्या बंधूंस निरोप गेला.

मग ते कुटुंब संभाजीराजांना घेऊन दक्षिणेकडे निघाले. मथुरेपासून राजगडापर्यंत हजार किलोमीटरांहून अधिक अंतर. जागोजागी बादशाही ठाणी. या प्रवासाविषयी एक कथा परंपरेने चालत आली आहे. वाटेतील एका चौकीवर अधिकाऱ्यास या मुलाचा संशय आला. हा मुलगा आमच्याच घरचा, असे बंधूंनी सांगितले. पण त्याचा विश्वास बसेना. हा खरोखरच तुमच्यापैकी असेल, तर त्याच्यासह एका ताटात जेवून दाखवा, असे त्याने फर्मावले. त्या काळी जातीपातीचे आणि सोवळ्या-ओवळ्याचे निर्बंध फार कडक होते. ब्राह्मण माणूस दुसऱ्या जातीच्या मुलासह एका ताटात कधीही जेवणार नाही, अशी त्या अधिकाऱ्याची खात्री होती. परंतु त्या पंतांनी क्षणभरही विचार केला नाही. ते मुलासह एका ताटात जेवले. अधिकाऱ्याचा संशय फिटला आणि वाट मोकळी झाली. एका मुलाचा जीव वाचवण्यापुढे त्यांस रूढीचे बंधन थिटे वाटले.

१६६६ साल संपण्यापूर्वी संभाजीराजे राजगडावर सुखरूप पोहोचले. ज्या गडावरून ते वडिलांचे बोट धरून निघाले होते, त्या गडाची वाट त्यांनी परक्या माणसांच्या सोबतीने चढली. परंतु ती माणसे आता परकी कशी म्हणावी? महाराजांनी त्या बंधूंचा मोठा गौरव केला आणि त्यांस विश्वासराव असा किताब दिला. किती समर्पक ते नाव! मूल सोपवावे असा विश्वास, आणि तो प्राणपणाने राखणारी माणसे.

यानंतरही संभाजीराजांची धावपळ संपली नाही. दहा वर्षांचे असताना मोगलांशी झालेल्या सलोख्यानुसार त्यांस औरंगाबादेस शाहजाद्याच्या भेटीस जावे लागले. पुढे मात्र त्यांचे शिक्षण सुरळीत झाले. त्यांनी संस्कृत भाषेचा उत्तम अभ्यास केला आणि बुधभूषण नावाचा संस्कृत ग्रंथही लिहिला. ६ जून १६७४ रोजी रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा सतरा वर्षांचे संभाजीराजे युवराज म्हणून तेथे होते. तो सोहळा पाहून जिजाबाईंनी थोड्याच दिवसांत देह ठेवला. लहानपणापासून ज्या आजीने आईची जागा भरून काढली होती, ती गेली.

थोरांच्या चरित्रांत काही प्रसंग क्लेशकारकही असतात. १६७८ च्या अखेरीस घरातील कलहामुळे संभाजीराजे स्वराज्य सोडून दिलेरखानाच्या छावणीत गेले. ही त्यांची मोठी चूक होती. परंतु तेथे त्यांनी जे पाहिले, ते त्यांस सहन झाले नाही. दिलेरखानाने विजापूरच्या मुलखातील तिकोटे आणि अथणी ही गावे लुटली आणि तेथील निरपराध माणसांना बंदी केले. अथणीच्या लोकांना गुलाम म्हणून विकण्याचा बेत झाला, तेव्हा संभाजीराजांनी त्यास विरोध केला. खानाने तो जुमानला नाही. ज्याने स्वतः लहानपणी कैदेचे दुःख जाणले होते, त्यास या छावणीत राहणे अशक्य झाले असावे. वर्षभराच्या आतच ते तेथून निसटले आणि १६७९ च्या डिसेंबरात पन्हाळ्यास परत आले.

शिवाजीमहाराजांच्या निधनानंतर, १६८१ च्या जानेवारीत, त्यांचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर आश्रयासाठी महाराष्ट्रात आला. ज्या बादशहाने आपल्याला नऊ वर्षांचे असताना कैदेत ठेवले, त्याच्याच मुलास संभाजीराजांनी आसरा दिला. यात राजकारण होतेच. पण घर सुटलेल्या माणसाची अवस्था त्यांस कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. पुढे औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला. मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज या शत्रूंशी संभाजीराजे आठ वर्षे झुंजले. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे ते पकडले गेले आणि ११ मार्च १६८९ रोजी अनन्वित छळ करून त्यांचा वध करण्यात आला. ते तेव्हा अवघे एकतीस वर्षांचे होते. भीमा नदीच्या काठी वढू बुद्रुक येथे त्यांची समाधी आहे.

दैवाची गती पाहा. त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती गेला आणि संभाजीराजांचे पुत्र शाहू, आई येसूबाईंसह, बादशहाच्या कैदेत पडले. शाहूंचे वय तेव्हा सात वर्षांचे होते. पुत्राचे बालपणही पित्याप्रमाणेच युद्धाने हिरावून घेतले. सतरा वर्षांहून अधिक काळ ते मोगलांच्या छावणीबरोबर फिरत राहिले. तेथेही त्यांस मायेचा एक आधार लाभला, असे सांगतात. आणि तो कोणाचा? प्रत्यक्ष औरंगजेबाच्या कन्येचा, झीनतुन्निसा बेगमेचा. १६०० च्या शतकातील ते वैर किती कडवे होते, हे आपण पाहिले. तरी शत्रूच्या घरातही पोरक्या मुलाकडे मायेने पाहणारे माणूस होते. १७०७ मध्ये शाहू सुटले आणि पुढे छत्रपती झाले.

युद्धे करणाऱ्या राजांची नावे इतिहास मोठ्या अक्षरांनी लिहितो. मुलांना वाचवणाऱ्या माणसांची नावे पुष्कळदा लिहिलीच जात नाहीत. रोहिडखोऱ्यातून घाटाखाली गेलेल्या मुलांना कोणी भाकरी दिली, कोणाच्या गोठ्यात ती निजली, हे आज आपणांस सांगता येत नाही. पण ती वाचली, परत आली, जळालेल्या घरांच्या जागी नवी घरे उभी राहिली आणि पुन्हा भाताची रोपे लागली. म्हणूनच भोर आणि वेल्ह्याची ती खोरी आजही नांदती आहेत.

युद्धाने बेघर झालेल्या मुलांची कथा सतराव्या शतकात संपली नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलंड देशातील हजारो निर्वासित, ज्यांत पुष्कळ मुले होती, फिरत फिरत आपल्या महाराष्ट्रात आले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून काही वर्षे त्यांची वसाहत होती. ती मुले तेथे शाळेत गेली, खेळली आणि मोठी झाली. आजही जगाच्या पाठीवर अनेक देशांत मुले युद्धामुळे घरदार सोडून परक्या गावी जात आहेत. त्यांच्यापैकी एखादे उद्या आपल्या शाळेत, आपल्या बाकावर येऊन बसेल. त्याची भाषा निराळी असेल, ते फारसे बोलणारही नाही.

त्या वेळी, मुलांनो, कापूरहोळची धाराऊ आणि मथुरेचे ते तीन बंधू आठवा. धाराऊने दूध दिले, त्या बंधूंनी आपले ताट पुढे केले. संभाजीराजे पुढे छत्रपती झाले, ते या दोन घरांच्या पुण्याईवर.